गोल्फमधील हार आणि तिची खतावणी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत मी आजवर जे लिहिले ते तुरीची आवक, गोदामातील घट आणि बारदानाचे भाव यांवर. यंदाही संपादक मंडळींनी तशाच विषयाची सूचना केली होती. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला आणि निराळ्याच विषयावर लिहावेसे वाटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा ठोक व्यापारी. खेळाडू म्हणून माझी योग्यता बेताची. तथापि हौशी गोल्फच्या स्पर्धांत हरण्याचा वीस वर्षांचा अनुभव मजपाशी आहे, आणि तेवढ्या एका विषयात तरी मला अधिकारी म्हणावयास कोणाची हरकत नसावी.

माझा तेरा वर्षांचा नातू मुलांच्या एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. घरी येताच त्याने काठ्यांची पिशवी दाराशी टाकली, गुणांचे कार्ड फाडले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले. दिवस मावळत आला. आमच्या घरी सूर्यास्तानंतर ताट मांडले जात नाही, हे त्यास ठाऊक होते. तरी तो बाहेर येईना. आजीने दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आतून उत्तर आले, "आजोबांना तरी हरल्यावर कुठं जेवण जातं?"

हे वाक्य मला झोंबले, कारण ते खरे होते. मुलाने हरण्याची रीत माझ्याकडूनच उचलली होती. म्हणून या लेखात मी जे सांगणार आहे ते उपदेश म्हणून सांगत नाही. ज्याने खोट खाल्ली त्याने ती कशी लिहावी, एवढाच माझा विषय आहे.

या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण अवश्य आहे. एका फेरीत अठरा होल असतात. प्रत्येक होलच्या आरंभापासून चेंडू मारीत मारीत तो हिरवळीवरील लहानशा खळग्यात घालावयाचा, आणि त्यास किती फटके लागले ते मोजावयाचे. कमी फटके घेणारा जिंकतो. निष्णात खेळाडूस जितके फटके लागावयास हवेत त्या आकड्यास पार म्हणतात. अठरा होलांचा पार बहुधा ७२ च्या आसपास असतो. आमच्या हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यापाशी असे अठरा होलांचे मैदान आहे. साखरेच्या विकारामुळे वैद्यांनी मला चालण्याचा सल्ला दिला होता, आणि २००४ साली बाजारातील एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी प्रथम हातात काठी धरली. चालणे होईल एवढाच हेतू होता. स्पर्धेचे वेड यथावकाश लागले.

या खेळातील हार इतर खेळांतील हारीपेक्षा अधिक टोचते, याचे एक कारण त्याच्या घडणीतच आहे. कबड्डीत किंवा टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याने आपणांस पाडले असे म्हणता येते. गोल्फमध्ये चेंडू जागीच स्थिर पडलेला असतो. तो कोणी आपल्याकडे फेकीत नाही की आपल्यापासून हिरावून घेत नाही. त्यामुळे चुकलेल्या प्रत्येक फटक्याचा धनी आपण एकटेच. शिवाय चार-साडेचार तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटका मारण्यात जाणारा वेळ काही मिनिटांचाच असतो. उरलेला सगळा वेळ मनुष्य चालत असतो, आणि चालताना मागच्या फटक्याचे व्याज मोजीत असतो.

आता हिशेबाकडे वळू, कारण हारीचे निम्मे दु:ख हिशेब न समजल्यामुळे होते असे माझे मत आहे. दोघांनी परस्परांविरुद्ध होल जिंकीत जावयाचे, अशा बाद पद्धतीच्या स्पर्धेत चौसष्ट खेळाडूंनी नावे दिली, तर त्यांतील त्रेसष्ट जण कोणत्या ना कोणत्या दिवशी हरून घरी जातात. फटके मोजण्याच्या स्पर्धेत तर शंभर खेळाडूंपैकी नव्याण्णवांना पहिला क्रमांक मिळत नाही. आपल्या बाजारात शंभरांतील नव्याण्णव दुकाने रोज तोट्यात जातील तर बाजार उठेल. परंतु गोल्फचा बाजार याच तत्त्वावर चालतो आणि चांगला चालतो.

याहूनही महत्त्वाची बाब हँडिकॅपची. हँडिकॅप म्हणजे कमी कुशल खेळाडूस दिलेली फटक्यांची सूट. एखाद्यास अठरा फटक्यांची सूट असेल आणि त्याने ७२ पारच्या मैदानावर ९० फटके घेतले, तर सूट वजा जाऊन त्याचे निव्वळ ७२ धरले जातात. या सुटीमुळे सत्तरीचा पेन्शनर आणि विशीचा तरुण एकाच स्पर्धेत बरोबरीने खेळू शकतात. बहुतेक हौशी खेळाडू मात्र येथे एक चूक करतात. आपला हँडिकॅप अठरा आहे म्हणजे आपण नेहमी अठराच्याच हिशेबाने खेळावयास हवे, असे ते समजतात. वास्तविक २०२० पासून जी जागतिक पद्धत लागू झाली तीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्या घेऊन त्यांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा फेऱ्या त्या हिशेबात धरल्याच जात नाहीत. म्हणजे हँडिकॅप हा आपल्या चांगल्या दिवसांचा आकडा झाला. साधारण दिवशी आपण त्याहून दोन-चार फटके मागेच राहणार. त्यात बिघडले काहीच नाही.

एखाद्या व्यापाऱ्याने वीस महिन्यांपैकी उत्तम आठ महिन्यांची विक्री घेऊन तिची सरासरी काढली आणि उरलेल्या प्रत्येक महिन्यात ती भरली नाही म्हणून कपाळावर हात मारला, तर त्याचा मुनीम त्यास काय म्हणेल? मी स्वत: कित्येक वर्षे असा कपाळावर हात मारीत आलो आहे. ही पद्धत मला प्रथम नीट समजली तेव्हा मी जुनी कार्डे काढून बसलो, आणि ज्या फेऱ्यांना मी लाजिरवाण्या मानीत होतो त्यांपैकी बहुतेक अगदी बाजारभावाच्या निघाल्या.

परंतु हे ज्ञान उशिरा आले. त्यापूर्वीची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

२०१३ साली एका बाद पद्धतीच्या स्पर्धेत मी कधी नव्हे तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. समोर सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. वयाने मजहून मोठे आणि खेळाने सरळ. सोळा होल झाले तेव्हा मी एका होलने पुढे होतो. सतराव्या होलच्या हिरवळीवर मला तीन फटके लागले व बरोबरी झाली. अठराव्यावर माझ्या दुसऱ्या फटक्यासमोर वाळूचा मोठा खड्डा होता. खड्ड्याच्या अलीकडे चेंडू टाकून पुढील फटक्याने हिरवळ गाठावी, हा शहाणपणाचा मार्ग. पण चषक दिसू लागला की मनुष्य शहाणा राहत नाही. मी खड्डा ओलांडावयास गेलो आणि चेंडू बरोबर त्याच्या पोटात जाऊन बसला. तेथून बाहेर पडून आठ फुटांचा एक पट उरला. तो घातला असता तर सामना पुढे चालला असता. तो कडेला लागून बाहेर आला.

त्या गृहस्थांनी टोपी काढून हात पुढे केला. मी तो हातात घेतला न घेतला असा केला. त्यांनी चहाचे दोन पेले मागविले होते. काम आहे असे सांगून मी गाडीकडे चालू लागलो. बक्षीस-समारंभास थांबलो नाही. उपविजेत्याचा लहान चषक दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुकानी आणून दिला.

तो दुसरा दिवस सोमवार होता. तांडूरकडून एक अडत्या तुरीचा नमुना घेऊन आला होता. मी परखीने काढलेले दाणे तळहातावर घेतले, आणि दाणा बारीक आहे असे सांगून तो माल नाकारला. दाणा बारीक नव्हता. चारचौघांत मी त्यास दोन शब्द अधिकच बोललो. शेजारच्या पेढीने तो माल दुपारी उतरवून घेतला, आणि तो अडत्या पुढील दोन हंगाम आमच्या गादीवर आला नाही. संध्याकाळी किर्द मिटविताना आमचे वृद्ध मुनीमजी चष्मा पुसत म्हणाले, "शेटजी, कालच्या खेळातली खोट आज कोणत्या खात्यावर लिहू?"

त्या वेळी मला राग आला. आज मी मानतो की या विषयावर इतका नेमका प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारलेला नाही. अडत्याकडे मी पुढे स्वत: गेलो, माफी मागितली, आणि व्यवहार पुन्हा सुरू झाला. त्या निवृत्त गृहस्थांकडे जावयाचे मात्र आज-उद्या करीत राहिले. वर्षभरात ते गाव सोडून मुलाकडे राहावयास गेले. तो चहा राहूनच गेला.

मुनीमजींच्या प्रश्नाचा विचार करता करता मी या खेळाचा इतिहास वाचू लागलो, आणि तेव्हा बॉबी जोन्स हा मनुष्य मला सापडला. अमेरिकेतील अटलांटा येथे १९०२ मध्ये जन्मलेला हा खेळाडू आयुष्यभर हौशीच राहिला. खेळून त्याने बक्षिसाचा पैसा घेतला नाही. व्यवसायाने तो वकील झाला. १९३० मध्ये एकाच वर्षात ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा त्याने जिंकल्या, आणि अठ्ठावीसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. ही कीर्ती सर्वांना ठाऊक असते. त्या आधीची सात वर्षे फारसे कोणी सांगत नाही, आणि आपल्या कामाची तीच आहेत.

१९१६ साली वयाच्या चौदाव्या वर्षी तो मेरियन येथे अमेरिकेच्या हौशी स्पर्धेत प्रथम उतरला. चांगला खेळला, उपांत्यपूर्व फेरीत हरला. १९१९ मध्ये ओकमाँट येथे अंतिम सामना हरला. सर्वांत सुंदर फटका याचा, परंतु चषक दुसऱ्याचा, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. आणि हरताना तो आजच्यासारखा आदर्श पुरुष नव्हता. काठ्या फेकीत असे. १९२१ मध्ये स्कॉटलंडातील सेंट अँड्रूजच्या प्राचीन मैदानावर ब्रिटिश खुल्या स्पर्धेत त्याची तिसरी फेरी बिघडत गेली, अकराव्या होलवर वाळूच्या खड्ड्यात फटक्यांवर फटके गेले, आणि त्याने चेंडू उचलून स्पर्धाच सोडून दिली. कार्ड फाडून टाकले असेही सांगतात. त्याच वर्षी अमेरिकेत त्याने रागाने फेकलेली काठी एका प्रेक्षक बाईच्या पायास लागली आणि तेथील गोल्फ संघटनेने त्यास ताकीद दिली. माझ्या नातवाने फाडलेले कार्ड मी जेव्हा केरातून उचलले, तेव्हा मला प्रथम हे सेंट अँड्रूज आठवले.

जोन्समध्ये बदल कसा घडला याविषयी त्याने स्वत: जे लिहिले आहे त्याचा आशय असा की, समोरच्या मनुष्याशी लढण्याचे सोडून त्याने कार्डावर छापलेल्या पारशी लढावयास आरंभ केला. समोरचा मनुष्य कधी उत्कृष्ट खेळेल, कधी वाईट; त्याच्याकडे पाहून आपला भाव वरखाली करणारा खेळाडू दोन्ही वेळा फसतो. पार मात्र कधी चढत नाही, कधी पडत नाही. हा विचार पचावयासही त्यास वेळ लागला. १९२३ मध्ये इनवुड येथे अमेरिकन खुल्या स्पर्धेत शेवटच्या होलवर त्याने हातातला विजय सांडला आणि त्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा होल खेळावे लागले. ती फेरी ७६ विरुद्ध ७८ अशी जिंकून त्याने पहिली मोठी स्पर्धा मिळविली. वय एकवीस.

त्यानंतरही तो हरतच होता, आणि त्या हारी मला त्याच्या विजयांहून मोलाच्या वाटतात. १९२५ मध्ये वूस्टर येथील अमेरिकन खुल्या स्पर्धेत, पहिल्या फेरीत, लांब गवतात फटक्याची तयारी करताना त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी ते पाहिले नव्हते. त्याने आपण होऊन एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेच्या अखेरीस विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली. आणखी अठरा होल खेळून पुन्हा बरोबरी. आणि पुढील अठरा होलांत तो एका फटक्याने हरला. तो दंडाचा फटका नसता तर बरोबरीचा प्रश्नच आला नसता. लोक त्याची वाहवा करू लागले तेव्हा त्याने ती मानली नाही. चोरी केली नाही म्हणून कोणी एखाद्याचे कौतुक करील काय, अशा अर्थाचे त्याचे उत्तर प्रसिद्ध आहे.

दुसरी हार १९२९ ची. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे हौशी स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत ओमाहा गावच्या जॉनी गुडमन नामक एकोणीस वर्षांच्या पोराने त्यास हरविले. हा मुलगा गुरांच्या मालगाडीतून तेथवर आला होता असे सांगतात. जोन्स त्या वेळी जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू होता. हजारो माणसे त्यालाच पाहावयास जमलेली. तो गाडी पकडून घरी गेला नाही. तेथेच राहिला, आणि मोकळ्या पडलेल्या दिवसांत त्या परिसरातील नव्या मैदानांवर खेळला. ती मैदाने रचणाऱ्या ॲलिस्टर मॅकेन्झीची कला त्याच्या मनात भरली. पुढे जोन्सने ऑगस्टा येथे आपले मैदान याच मॅकेन्झीच्या सहकार्याने उभे केले, आणि १९३४ पासून तेथे भरू लागलेली स्पर्धा आज जगभर पाहिली जाते. गुडमननेही १९३३ मध्ये अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. त्यानंतर कोणाही हौशी खेळाडूस ती जिंकता आलेली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. "खेळच तो, हारजीत चालायचीच," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्याला हारीचे काहीच वाटत नाही त्याने पैज लावू नये, निव्वळ फिरावयास जावे. जोन्सला हार आयुष्यभर लागत असे. लागावीच. प्रश्न ती कोठे लिहावयाची, हाच आहे.

आता मी ती कशी लिहितो ते सांगतो. दुकानातील तोट्याचे आम्ही व्यापारी मनातल्या मनात तीन भाग करतो. एक, भाव पडला: माल चांगला, खरेदी योग्य, पण बाजारच उतरला. दोन, घट आली: थोडे सांडले, थोडे सुकले, थोडे उंदरांनी नेले, हे धंद्याबरोबर येतेच. तीन, माझा निर्णय चुकला: लोभाने किंवा हट्टाने नको तेथे हात घातला. पहिल्या दोन खात्यांवर रडून उपयोग नाही. शिकावयाचे ते तिसऱ्यावरून.

गोल्फच्या कार्डाचे मी हेच करतो, मात्र त्याच संध्याकाळी नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रतिस्पर्धी त्याच्या हँडिकॅपहून चार फटके उत्तम खेळला असेल तर तो पडलेला भाव. फटका मनासारखा बसला पण चेंडू दगडावरून उडाला, चांगला मारलेला पट कडेवरून परतला, ही घट. पटाविषयी एक आकडा प्रत्येक हौशी खेळाडूने पाठ करावा: आठ फुटांवरून जगातील उत्तमोत्तम धंदेवाईक खेळाडूदेखील दोनपैकी सुमारे एकच पट घालतात. ज्या आठ फुटांच्या पटासाठी मी २०१३ साली रात्रभर तळमळलो तो घटीच्या खात्यातला होता. वाळूच्या खड्ड्यावरून मारण्याचा हट्ट मात्र पूर्णपणे तिसऱ्या खात्यातला. आणि त्याचा तर मी त्या रात्री विचारही केला नाही! अशी खतावणी केली की बहुतेक हारींत तिसऱ्या खात्यावर दोन-तीनच फटके निघतात. पुढच्या आठवड्यात तेवढेच पाहावयाचे.

बाकीचे नियम साधे आहेत. शेवटच्या हिरवळीवर टोपी काढावी, हात नीट धरावा, "चांगले खेळलात" एवढेच बोलावे. आपली पाठ, ऊन, वारा, कॅडीचा चुकीचा सल्ला यांपैकी काहीही तेथे काढू नये. कारण खरे असले तरी समोरच्याच्या विजयातून तेवढे वजन आपण कापून घेत असतो. मग चहा. चहा कितीही कडू लागला तरी प्यावा. घरी जाताना गाडीत सामन्याविषयी बोलू नये. हा शेवटचा नियम माझ्या पत्नीने केला असून तो मोडण्याची सोय नाही.

ज्यांना एका वाईट होलने सारी फेरी नासल्याचे दु:ख होते त्यांच्यासाठी एका डॉक्टराने औषध करून ठेवले आहे. इंग्लंडातील वॉलसी येथील मैदानावर फ्रँक स्टेबलफोर्ड नावाचे शल्यचिकित्सक खेळत असत. आरंभीच्या एक-दोन होलांतच फटके वाढले की लोक निराश होतात आणि उरलेली फेरी कशीबशी ओढतात, हे त्यांनी पाहिले. त्यांनी गुणांची पद्धत योजली आणि १९३२ मध्ये वॉलसी येथे ती स्पर्धेसाठी वापरली गेली. आजच्या रिवाजाप्रमाणे सूट वजा जाऊन पार झाल्यास दोन गुण, एक फटका अधिक लागल्यास एक, पारहून एक कमी लागल्यास तीन. आणि दोन किंवा अधिक फटके जास्त गेले तर शून्य. शून्याच्या खाली गुण जात नाही. एका होलवर सात लागोत की बारा, तोटा तेवढाच. चेंडू उचलावा आणि पुढच्या होलवर नवे खाते उघडावे. खोटेला तळ असला की मनुष्य धीर धरतो, हे त्या डॉक्टराने ओळखले होते. ज्या क्लबांत मुले आणि नवशिके खेळतात तेथे हीच पद्धत अधिक चालवावी असे माझे स्पष्ट मत आहे. शुद्ध फटके मोजण्याची शिस्त जुने लोक श्रेष्ठ मानतात, व ती आहेही; पण तेरा वर्षांच्या मुलास दुसऱ्याच होलवर बुडवून उरलेले सोळा होल बुडालेल्या स्थितीत चालविणे, यात मला शिस्त दिसत नाही.

आमच्या नातवाचे नेमके तेच झाले होते. त्या संध्याकाळी मी त्याच्या दाराशी खुर्ची घेऊन बसलो आणि बाहेरूनच त्यास २०१३ ची हकीकत सांगितली. हात धरला न धरला, चहा सोडून आलो, अडत्यास बोललो, हे सर्व सांगितले. घरात ती कोणालाच पूर्ण ठाऊक नव्हती. मुनीमजी ती कधी बोलले नाहीत. आतून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्याने विचारले, "ते चहावाले आजोबा परत कधी भेटले?" मी नाही म्हणालो. दार उघडले. दिवस मावळावयास पाच-सात मिनिटे उरली होती. आजीने ताट वाढून तयारच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाडलेल्या कार्डाचे तुकडे मांडून आम्ही दोघे बसलो. त्याच्या तिसऱ्या खात्यावर चार फटके निघाले. पहिला दुसऱ्या होलवरचा: पाण्यावरून मारण्याचा हट्ट. "हा तुमचाच आहे, आजोबा," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघेच खेळावयास गेलो. रिवाजाप्रमाणे मी त्याचे कार्ड लिहीत होतो व तो माझे. आठव्या होलवर माझा चेंडू झाडीत गेला, तेथून वाळूत, आणि हिरवळीवर पुन्हा तीन पट. दूर उभ्या असलेल्या त्याला झाडीतले काही दिसले नव्हते. पेन्सिल कार्डावर टेकवून त्याने विचारले, "आजोबा, किती?"

मी बोटांवर पुन्हा एकदा मोजले. "नऊ," मी म्हणालो. त्याने नऊ लिहिले आणि आम्ही नवव्याकडे चालू लागलो.